आजीची उपासमार नातवाच्या पेशींपर्यंत पोहोचते का?

रानजाई

मागच्या महिन्यात नात्यातल्या एका मुलीच्या डोहाळजेवणाला गेले असताना तिथे एका गर्भसंस्कार वर्गाची पत्रके वाटण्यात आली. गरोदरपणात ठरावीक मंत्र आणि ठरावीक राग ऐकल्यास बाळाची जनुके बदलतात, हा बदल सात पिढ्या टिकतो आणि ‘एपिजेनेटिक्स’ या शास्त्राने ते सिद्ध केले आहे, असा त्यातला मजकूर होता. कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवण्यात माझी सारी नोकरी गेली असल्यामुळे ते पत्रक मुकाट्याने पर्समध्ये घालणे जिवावर आले. पण भर कार्यक्रमात वाद घालणेही बरे दिसले नसते. तिथे जे बोलता आले नाही ते इथे सविस्तर लिहिते आहे. पत्रक खोटे आहे एवढे म्हणून भागत नाही, कारण ज्या संशोधनाच्या नावावर ते उभे आहे ते संशोधन खरे आहे आणि पत्रकापेक्षा कितीतरी अधिक नवलाचे आहे.

यकृताच्या पेशीत आणि त्वचेच्या पेशीत जनुकांचा संच एकच असतो. तरीही यकृताची पेशी विभागली की तिच्यापासून यकृताचीच पेशी होते. कोणती जनुके वाचायची आणि कोणती मिटून ठेवायची, ही आठवण पेशी आपल्या लेकीपेशींच्या हाती सोपवत असते. ती आठवण डीएनएच्या अक्षरांत नसून अक्षरांवर केलेल्या खुणांत असते. सर्वांत जास्त अभ्यासलेली खूण म्हणजे मिथाइल गट. एक कार्बन आणि तीन हायड्रोजन अणूंचा हा इवलासा गट डीएनएतल्या सायटोसिन या अक्षराला चिकटतो, आणि जनुकाच्या आरंभीच्या भागात अशा खुणा दाटीने असल्या तर ते जनुक सहसा बंद राहते. दुसऱ्या प्रकारच्या खुणा हिस्टोन नावाच्या प्रथिनांवर असतात. एका पेशीतला डीएनए सरळ ताणला तर सुमारे दोन मीटर भरेल. तो हिस्टोनच्या रिळांवर गुंडाळलेला असतो आणि गुंडाळी किती घट्ट आहे यावर त्या भागातली जनुके वाचता येतील की नाही हे ठरते. कॉनरॅड वॉडिंग्टन यांनी १९४२ साली या विषयाला ‘एपिजेनेटिक्स’ हे नाव दिले, तेव्हा डीएनएची रचनाही कोणाला ठाऊक नव्हती.

इथपर्यंत कोणाचाही वाद नाही. वाद सुरू होतो तो लेकीपेशींवरून थेट लेकींवर उडी मारताना.

माणसांतला सर्वांत भक्कम पुरावा नेदरलँड्समधल्या एका हिवाळ्यातून आला आहे. सप्टेंबर १९४४ मध्ये दोस्त सैन्याला साहाय्य व्हावे म्हणून डच रेल्वे कामगारांनी संप केला आणि त्याचा सूड म्हणून जर्मनांनी देशाच्या पश्चिम भागात जाणारे अन्नधान्य अडवले. पुढे बंदी थोडी सैल झाली, पण तोवर कालवे गोठले आणि बोटी चालेनाशा झाल्या. डिसेंबर १९४४ ते एप्रिल १९४५ या काळात माणशी रेशन दिवसाला ४०० ते ८०० कॅलरींवर आले. लोकांनी ट्यूलिपचे कंद आणि साखरेचे बीट उकडून खाल्ले. सुमारे २० हजार माणसे दगावली. मे १९४५ मध्ये देश मुक्त झाला आणि अन्न पुन्हा मिळू लागले.

संशोधकांच्या दृष्टीने या शोकांतिकेचे वेगळेपण असे की उपासमारीला स्पष्ट आरंभ आणि स्पष्ट शेवट होता, रेशनच्या नोंदी होत्या, प्रसूतिगृहांच्या वह्या जपलेल्या होत्या आणि आधी व नंतर तोच समाज बऱ्यापैकी खाऊनपिऊन होता. त्यामुळे कोणते मूल पोटात असताना नेमक्या कोणत्या महिन्यांत आई उपाशी होती, हे सांगता येते. १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लष्करी भरतीसाठी तपासलेल्या १९ वर्षांच्या सुमारे ३ लाख तरुणांच्या नोंदी पाहिल्या गेल्या. गरोदरपणाच्या पूर्वार्धात आईची उपासमार झाली असेल तर मुलांत लठ्ठपणा अधिक आढळला, आणि शेवटच्या तिमाहीत झाली असेल तर कमी. पुढे २००८ मध्ये बास हेइमान्स आणि सहकाऱ्यांनी अशा ६० व्यक्तींचे रक्त तपासले, ज्यांची गर्भधारणा ऐन दुष्काळात झाली होती. तुलना त्यांच्याच सख्ख्या भावंडांशी केली, म्हणजे घर, आईबाप आणि जनुकांचा बराचसा भाग सारखाच राहिला. गर्भाच्या वाढीशी निगडित असलेल्या आयजीएफ-२ या जनुकापाशी मिथाइल खुणा भावंडांपेक्षा सुमारे ५ टक्क्यांनी कमी होत्या. उपासमार संपून तेव्हा साठ वर्षे उलटली होती.

हा निष्कर्ष मी वर्गात सांगत असे तेव्हा मुले हमखास म्हणत, की मग आजीचा दुष्काळ नातवाला लागलाच की! इथेच जरा थांबावे लागते. गरोदर बाई उपाशी असते तेव्हा पोटातला गर्भही उपाशी असतो, आणि तो गर्भ मुलीचा असेल तर तिच्या इवल्या अंडाशयात पुढच्या पिढीची बीजांडेही तयार होत असतात. ज्या बीजांडापासून मी झाले ते माझी आई आजीच्या पोटात असतानाच आकाराला येऊ लागले होते. म्हणजे त्या एका देहात तीन पिढ्या एकाच वेळी तो उपास सोसतात. आई, मूल आणि नातवंड या तिघांत परिणाम दिसला तरी त्याला वारसा म्हणता येत नाही. ती तिघांनाही बसलेली थेट झळ आहे. खूण खरोखर वारशाने उतरली असे म्हणायचे, तर ती पणतवंडांत दिसायला हवी. बापाच्या बाजूने गर्भाशयाचा प्रश्न नसल्यामुळे तिथे ही अट एका पिढीने अलीकडे येते, म्हणजे खूण नातवंडांत दिसली तरी पुरते. आयजीएफ-२ चा अभ्यास तर पोटात उपाशी राहिलेल्या मुलांचाच आहे, त्यांच्या नातवंडांचा नव्हे.

दुसरी अडचण शरीरानेच घालून ठेवली आहे. सस्तन प्राण्यांत मिथाइल खुणा दोनदा पुसल्या जातात, एकदा फलनानंतर लगेच आणि दुसऱ्यांदा गर्भातल्या बीजपेशी, म्हणजे ज्यांपासून पुढे बीजांडे किंवा शुक्रपेशी होतात त्या, घडत असताना. नव्या जिवाने कोऱ्या पाटीवर सुरुवात करावी अशीच ही व्यवस्था आहे. पुसण्यातून काही खुणा निसटतात हे खरे. किती निसटतात, कोणत्या निसटतात आणि त्यांचा अर्थ काय, एवढाच आजचा खरा वाद आहे. वनस्पतींवर काम करणाऱ्यांनी आणि रुग्ण पाहणाऱ्यांनी यात भर घालावी, अशी विनंती आहे.

कोरडवाहू

ताई, लेख दोनदा वाचला. आमच्याकडे ‘खाण तशी माती’ ही म्हण लेकीला उद्देशून फार सहज वापरली जाते. तिच्यामागे एवढे रसायनशास्त्र असेल असे वाटले नव्हते. डच हिवाळ्याबद्दल वाचताना सारखा १९७२ चा दुष्काळ डोळ्यांपुढे येत होता. माझी मावशी १९७३ साली जन्मली. तिची आई, म्हणजे माझी आजी, तेव्हा दुष्काळी कामावर खडी फोडत होती आणि सुकडीवर दिवस काढत होती. मावशीला चाळिशीच्या आतच मधुमेह झाला; तिच्या थोरल्या भावंडांपैकी कोणालाही तो नाही. याचा संबंध जोडता येईल का?

सूक्ष्मदर्शी

वनस्पतींच्या बाजूने लिहितो, कारण या विषयातला निर्विवाद पुरावा तिथेच आहे आणि लेखांमध्ये तो नेहमी तळटीपेत जातो.

१७४० च्या दशकात वर्गीकरणशास्त्रज्ञ लिनियस यांच्यापुढे स्वीडनमधले एक विचित्र रोप आले. लिनारिया या वनस्पतीचे फूल एरवी दोन ओठांसारखे, डावी-उजवी बाजू सारखी असलेले असते. या रोपाची फुले मात्र चहूबाजूंनी सारखी, पाच शेपट्यांची होती. लिनियस इतके चक्रावले की त्यांनी त्याला ‘पेलोरिया’ म्हटले, ज्याचा ग्रीक मूळ अर्थ राक्षसी प्राणी असा आहे. दोनशे पन्नास वर्षे सगळे जण याला उत्परिवर्तन, म्हणजे जनुकाच्या अक्षरांतलाच बदल, समजत होते. १९९९ मध्ये एन्रिको कोएन यांच्या गटाने दाखवले की संबंधित जनुकातले एकही महत्त्वाचे अक्षर बदललेले नाही; ते जनुक मिथाइल खुणांनी गच्च भरून बंद झाले आहे, आणि बंद राहण्याची ही स्थिती बियांतून पुढच्या पिढ्यांत जाते. एखाद्या फांदीवर खुणा थोड्या उतरल्या की तिथे पुन्हा जवळजवळ नेहमीचे फूल येते. उत्परिवर्तनात असे मागे फिरणे इतके सहज नसते.

वनस्पतींना हे साधते याचे एक कारण सरळ आहे. प्राण्यांत बीजपेशी गर्भावस्थेतच बाजूला काढून ठेवल्या जातात. रोपाला तशी घाई नसते. ज्या शेंड्याला वर्षभर पाने आली त्याच शेंड्याला शेवटी फूल येते, त्यामुळे रोपाने आयुष्यभर जे सोसले त्याच्या खुणा बीजापर्यंत पोहोचायला वाट मोकळी असते. शिवाय सस्तन प्राण्यांत होते तशी सरसकट पुसापुशीही तिथे होत नाही.

प्राण्यांत सूत्रकृमीचे उदाहरण पक्के आहे. एक मिलिमीटर लांबीच्या सी. एलेगन्स या कृमीला उपाशी ठेवले की त्याच्यात काही लहान आरएनए रेणू तयार होतात आणि ते निदान तीन पिढ्या पुढे जातात, असे ओडेड रेखावी यांनी २०१४ मध्ये दाखवले. मात्र कृमीची पिढी तीन-चार दिवसांची असते. त्याच्या तीन पिढ्या म्हणजे आपला जेमतेम पंधरवडा, हे विसरून माणसाविषयी विधाने केली जातात तेव्हा माझी चिडचिड होते.

तर्कटी

लेखिकेने माणसांतला पुरावा जरा हात आखडूनच वाढला आहे, असे माझे मत आहे. उत्तर स्वीडनमधल्या ओवरकॅलिक्स या आडगावाचा उल्लेखही नाही. तिथे १८९०, १९०५ आणि १९२० साली जन्मलेल्या लोकांच्या आजी-आजोबांच्या काळात पीक कसे आले होते, हे जुन्या नोंदींतून काढले गेले. वडिलांच्या वडिलांना वयाच्या साधारण ९ ते १२ या काळात भरपूर खायला मिळाले असेल, तर नातवांचे आयुर्मान कमी आढळले. लार्स ओलोव बिग्रेन आणि मार्कस पेम्ब्री यांचे हे काम आहे. इथे गर्भाशयाचा प्रश्नच येत नाही, कारण वारसा आजोबा, वडील, मुलगा असा गेला आहे. म्हणजे लेखिकेची अट पुरी होते. उंदरांना एका विशिष्ट वासाबरोबर विजेचा सौम्य झटका देत राहिले तर त्यांच्या नातवंडांनाही तो वास जास्त जाणवतो, हा २०१४ चा प्रयोगही प्रसिद्ध आहे. सगळेच निकाल ‘अजून वाद आहे’ म्हणून बाजूला ठेवायचे असतील, तर शास्त्र पुढे जाणार कसे?

रानजाई

तर्कटी, ओवरकॅलिक्स मी मुद्दाम वगळले होते, पण तुमचा आक्षेप रास्त आहे. त्याचे कारण द्यायला हवे होते.

त्या अभ्यासात मूळ व्यक्ती सुमारे तीनशे आहेत. त्यांची विभागणी स्त्री-पुरुष, चार आजी-आजोबांपैकी कोण, त्यांचे वय कोणते आणि पीक चांगले की वाईट, अशी करत गेले की एकेका खान्यात मोजकी माणसे उरतात. इतक्या खान्यांत शोधले तर कुठेतरी काहीतरी योगायोगाने सापडण्याचा धोका असतो. म्हणून डेनी वोगेरो यांच्या गटाने उप्साला इथल्या अकरा हजारांहून अधिक नातवंडांवर तोच प्रश्न पुन्हा तपासला आणि २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. वडिलांच्या वडिलांचे मुबलक खाणे आणि नातवांचे मृत्यू यांचा संबंध तिथेही दिसला, म्हणून मी ते काम मोडीत काढत नाही. परंतु त्यातला मोठा वाटा कर्करोगाच्या मृत्यूंचा होता, तर ओवरकॅलिक्समध्ये सगळी चर्चा मधुमेह आणि हृदयविकाराची होती. एकच कारण दोन ठिकाणी दोन वेगळे रोग देत असेल, तर मधला दुवा आपल्या हाती आलेला नाही असेच म्हणावे लागते. शिवाय या दोन्ही अभ्यासांत कोणाच्याही डीएनएवरच्या खुणा मोजलेल्या नाहीत. मोजले आहेत ते पीक आणि मृत्यू.

दुसरे असे की वारसा केवळ बीजातून जातो हे आपण गृहीत धरतो. मायकेल मीनी यांच्या मॉन्ट्रियलच्या प्रयोगशाळेतल्या उंदरिणींचे उदाहरण पाहा. काही आया पिल्लांना खूप चाटतात, काही कमी. जास्त चाटलेली पिल्ले मोठेपणी ताणाला कमी घाबरतात, आणि मेंदूत ताणाचे संप्रेरक टिपणाऱ्या एका ग्राहक-प्रथिनाच्या (रिसेप्टरच्या) जनुकावरच्या मिथाइल खुणा त्यांच्यात वेगळ्या असतात, हे २००४ मध्ये दाखवले गेले. पिल्लांची जन्मतः अदलाबदल केली तर ती पाळणाऱ्या आईसारखी होतात, जन्मदात्रीसारखी नव्हेत. जास्त चाटलेल्या पिल्लांतल्या माद्या पुढे आपल्या पिल्लांना जास्त चाटतात. खूण प्रत्येक पिढीत नव्याने उमटते आणि तरीही घराण्यात टिकते. आपल्याकडे याला वळण म्हणतात, आणि ते बीजातून यावे लागत नाही. माणसांच्या अभ्यासांत घर, गरिबी, आहार आणि वळण हे सगळे पिढ्यान्‌पिढ्या सोबतच चालत असल्यामुळे त्यातून बीजाचा वाटा वेगळा काढणे हे दुधातून पाणी वेगळे करण्याइतकेच कठीण आहे.

निशिगंध

मी दवाखान्यात रोज मधुमेही पाहते, म्हणून आपल्याकडच्या कामाबद्दल लिहिते. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. त्या गावांत जन्मलेल्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास भरले. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे वजन, उंची, पोट, स्नायू अशा सर्वच बाबतींत लहान होती, परंतु पाठीवरच्या चामडीखालची चरबी त्यांच्यात त्या मानाने टिकून होती. दिसायला किडकिडीत आणि आतून चरबीदार, असे हे बाळ. आपल्याकडे सडपातळ माणसांनाही तिशी-चाळिशीत मधुमेह का होतो, या कोड्याचा एक धागा तिथे सापडला.

या धाग्याशी जोडलेला भाग पुढे आहे. त्या मातांपैकी बहुतेकींच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी होते, कारण आहार मुख्यतः शाकाहारी होता आणि दूधही बेताचेच होते. फोलेट हे दुसरे ब-जीवनसत्त्व मात्र पुरेसे होते. ज्या मातांत बी-१२ कमी आणि फोलेट जास्त अशी जोडी होती, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वांत अधिक दिसली. हे २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. फोलेट आणि बी-१२ ही दोन्ही, मिथाइल गट ज्या साखळीतून तयार होतात, त्याच साखळीची चाके आहेत. मिथाइल खुणांसाठी लागणारा कच्चा माल आईच्या ताटातून येतो, म्हणून हा दुवा जीवशास्त्रीय दृष्ट्या पटण्याजोगा आहे. तो पूर्णपणे सिद्ध झाला आहे असे मात्र मी रुग्णांना सांगत नाही.

मुंबईच्या वस्त्यांमध्ये झालेला ‘सरस’ प्रकल्पही सांगण्याजोगा आहे. पालेभाज्या, फळे आणि दूध घालून केलेला खाऊ तिथल्या स्त्रियांना गर्भधारणेच्या आधीपासून रोज दिला गेला. ज्यांनी तो गर्भधारणेपूर्वी निदान तीन महिने खाल्ला, त्यांच्या बाळांचे वजन सरासरी ४८ ग्रॅमने वाढले, आणि गरोदरपणातल्या मधुमेहाचे प्रमाणही कमी आढळले. ४८ ग्रॅम ऐकून कोणी हसेल. मला त्यातला ‘आधीपासून’ हा शब्द मोलाचा वाटतो, कारण आपल्याकडे पोषणाचा विचार बाईला दिवस गेल्यावर, बहुधा तिसरा महिना उलटल्यावर सुरू होतो, आणि आयजीएफ-२ वरची डच खूण उमटली ती गर्भधारणेच्या आसपासच.

पाटावरवंटा

सगळे पटले, तरी एक गोष्ट खटकते. या साऱ्या चर्चेत दोष फिरून आईच्याच पदरात पडतो. तिने काय खाल्ले, तिने काय ऐकले, ती चिडली का, ती रडली का. बापाच्या पेशींवर खुणा नसतात का?

सूक्ष्मदर्शी

असतात, आणि बापाची खूण आईच्या खुणेपेक्षा वेगळी असते याचा पक्का पुरावा आहे. माणसाच्या पंधराव्या गुणसूत्राचा एक ठरावीक तुकडा वडिलांकडून आलेल्या प्रतीत नसेल, तर मुलाला प्रेडर-विली हा विकार होतो. तोच तुकडा आईकडून आलेल्या प्रतीत नसेल, तर एंजलमन हा पूर्णपणे वेगळा विकार होतो. अक्षरे तीच, पण कोणाच्या हातून आली हे त्यांच्यावर नोंदलेले असते. अशी सुमारे शंभर जनुके माणसात माहीत आहेत. त्यांच्या खुणा फलनानंतरच्या पुसण्यातून वाचतात, पण पुढच्या बीजपेशी घडताना पुसून नव्याने लिहिल्या जातात. मुलाच्या शुक्रपेशींत सगळ्या खुणा ‘पुरुषाच्या’ होतात, मग ते गुणसूत्र त्याला आईकडून मिळालेले का असेना. म्हणजे ही खूण एक पिढी निश्चित चालते आणि दुसऱ्या पिढीच्या उंबऱ्यावर बदलते. सात पिढ्यांचा दावा करणाऱ्या पत्रकाला एवढे उत्तर पुरेसे व्हावे.

कोरडवाहू

मावशीला फोन केला होता. तिचा जन्म फेब्रुवारी १९७३ चा, म्हणजे गर्भधारणा मे १९७२ मधली. पावसाने दगा दिला तो त्यानंतर. आजी सातव्या महिन्यापर्यंत खडीवर होती. सुकडी गोड असायची आणि पोरे तिच्यासाठी भांडायची, एवढेच आजीकडून ऐकल्याचे मावशीला आठवते.

रानजाई

म्हणजे उपासमार झाली असेल ती गरोदरपणाच्या मधल्या आणि शेवटच्या महिन्यांत. डच अभ्यासात या काळात झळ बसलेल्यांत जन्मतःचे वजन कमी आणि मोठेपणी साखर पेलण्याची शक्ती कमी आढळली. आयजीएफ-२ वरची ती खूण मात्र शेवटच्या महिन्यांत झळ बसलेल्यांत दिसली नाही. तेव्हा मावशींचा मधुमेह दुष्काळाशी जोडायचाच झाला, तर तो गर्भातल्या वाढीच्या वाटेने जोडावा लागेल, वारशाच्या नव्हे. एका माणसाबद्दल यापुढे काही सांगता येत नाही. डच अभ्यासाला शेकडो भावंडे लागली, आणि आपल्याकडे १९७२ च्या आधीची दोन वर्षेही ओढाताणीचीच असल्यामुळे थोरली भावंडे ‘पोटभर खाल्लेली’ म्हणून तुलनेला धरता येणार नाहीत.

निशिगंध

मावशी मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी बरीच वर्षे घेत असतील तर त्यांच्या रक्तातले बी-१२ तपासून घ्या. त्या गोळीने ते हळूहळू उतरते, आणि पायांना मुंग्या येण्याचे खापर मग नुसत्या साखरेवर फुटते.